फळावर लेसर चालवताना: सालीतलं पाणी, वेग आणि थोडी सबुरी

लाकूड आणि अ‍ॅक्रिलिकवर हात बसलेला माणूस मशीनमध्ये पहिल्यांदा सफरचंद ठेवतो, तेव्हा सवयीने नक्षी जाळायला जातो. लाकडात तसंच असतं. जळलेला भाग काळा होतो आणि तो काळेपणा म्हणजेच नक्षी. ताज्या फळाची साल मात्र बहुतांशी पाणी असते. लेसर पडला की ते पाणी क्षणात उकळून उडतं आणि वरच्या पेशी फुटतात. नक्षीचा रंग त्यानंतर येतो. सफरचंदावर तांबडी साल उडाल्यावर खालचा फिकट गर लगेच दिसतो. केळ्यावर सुरुवातीला जवळपास काहीच दिसत नाही, मग फुटलेल्या पेशींतली विकरं हवेतल्या ऑक्सिजनशी भिडतात आणि पंधरा-वीस मिनिटांत रेघ तपकिरी होते. कापलेलं वांगं काळं पडतं, तीच ही क्रिया.

म्हणून इथे ताकद वाढवून रंग आणायचा नसतो. जेमतेम साल फुटेल एवढीच उष्णता द्यायची आणि थांबायचं. मशीनमधून बाहेर येताना केळं गडद दिसलं, तर संध्याकाळपर्यंत ते विटलेलं असणार हे धरून चाला.

मशीन कोणतं

या कामाला कार्बन डायऑक्साइड लेसर सगळ्यात चांगला. मुंबईतल्या औद्योगिक वसाहतींमधल्या गाळ्यांत ४० ते १०० वॅटच्या काचेच्या नळीची जी मशीनं अ‍ॅक्रिलिक आणि एमडीएफ कापतात, तीच. त्याच्या किरणाची तरंगलांबी १०.६ मायक्रॉन, आणि पाणी हा किरण फार जोरात शोषतं. पाण्यात तो मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतकं अंतर जातानाच बहुतेक संपतो. त्यामुळे उष्णता सालीच्या वरच्या थरातच राहते आणि आतलं फळ शिजत नाही.

घरगुती डायोड लेसर निळा असतो, साधारण ४५० नॅनोमीटरचा. निळ्या प्रकाशाला पाणी जवळपास पारदर्शक असतं, त्यामुळे इथे सगळी मदार सालीतल्या रंगद्रव्यावर. तांबडं सफरचंद, संत्र्याची साल, पिकता आंबा, कलिंगडाची गडद हिरवी पाठ यांवर डायोड चालतो. दुधी, पांढरट काकडी किंवा सोललेला गर यांवर तो चाचपडतो: प्रकाश आत पसरतो, वर खूण उमटत नाही आणि ताकद वाढवली की अचानक एकच काळा डाग पडतो. डायोडने फळ करायचंच असेल, तर रंग गडद असलेलं फळ निवडा.

फायबर लेसर धातूसाठी ठेवा. गॅल्व्हो पद्धतीचा कार्बन डायऑक्साइड लेसर मिळाला तर मात्र सोडू नका. त्यात डोकं न हलता आरसे हलतात, भिंग लांब पल्ल्याचं असतं, त्यामुळे गोल फळावरही फोकस बऱ्यापैकी टिकतो आणि वेग तर कितीतरी पट जास्त मिळतो.

चष्म्याबद्दल हयगय नको. मशीनचं पारदर्शक अ‍ॅक्रिलिक झाकण कार्बन डायऑक्साइड लेसर अडवतं, पण निळा डायोड त्यातून आरपार जातो. त्याला त्याच तरंगलांबीचा, रेटिंग छापलेला चष्मा लागतो. फळाची ओली, चकचकीत साल किरण परावर्तित करते, म्हणून उघड्या चौकटीच्या डायोड मशीनवर हे काम करताना खोलीतल्या प्रत्येकाच्या डोळ्यांवर चष्मा हवा.

ताकद आणि वेगाचा हिशेब

"किती टक्के ताकद, किती वेग?" हा प्रश्न सगळे विचारतात, पण ४० वॅटच्या मशीनवरचे १५ टक्के आणि ८० वॅटच्या मशीनवरचे १५ टक्के यांचा एकमेकांशी संबंध नसतो. त्याऐवजी एका चौरस मिलिमीटरवर किती ज्यूल पडतात, म्हणजे मात्रा किती, ते काढा. लेसर नक्षी ओळीओळीने भरतो, म्हणून ओळींमधलं अंतरही धरावं लागतं. वॅटला वेग आणि ओळींमधलं अंतर यांच्या गुणाकाराने भागायचं, बस्स. उदाहरणार्थ, ६० वॅटची नळी १२ टक्क्यांवर म्हणजे सुमारे ७ वॅट. वेग सेकंदाला ४०० मिमी, ओळींमधलं अंतर ०.२ मिमी. ७ भागिले ८० म्हणजे चौरस मिमीला सुमारे ०.०९ ज्यूल.

आता एवढ्या ऊर्जेत लेसर किती खोल जाईल ते बघा. खोलीच्या तापमानाचं एक घन मिलिमीटर पाणी तापवून वाफ करायला साधारण २.६ ज्यूल लागतात. म्हणजे ०.०९ ज्यूलमध्ये फार तर ०.०३ ते ०.०४ मिमी पाणी उडेल. केळ्याची साल दोन-तीन मिमी जाड असते, तिला हा नुसता ओरखडा. तेवढाच हवा आहे. ०.५ ज्यूल दिले तर खोली ०.२ मिमीच्या आसपास जाईल. पातळ सालीच्या टोमॅटोत एवढ्यात रस बाहेर आलेला असेल. प्रत्यक्ष खोली या आकड्याहून थोडी कमीजास्त भरते, पण कोणतं फळ किती सोसेल याचा अंदाज बांधायला हा हिशेब पुरेसा आहे.

एक अडचण इथे हमखास येते. काचेची नळी साधारण १० टक्क्यांच्या खाली नीट पेटत नाही. कधी किरण येतो, कधी येत नाही आणि नक्षीत रेघा गायब होतात. म्हणून मात्रा कमी करायची तर टक्केवारी ७-८ वर नेऊ नका. टक्केवारी १२ च्या वर स्थिर ठेवा आणि वेग वाढवा. मशीनचा वेग संपला तर ओळींमधलं अंतर ०.१ वरून ०.२, ०.२५ मिमीपर्यंत न्या.

सुरुवातीचे आकडे, चौरस मिमीला ज्यूलमध्ये: विड्याचं पान ०.०५ ते ०.०८. केळं आणि आंबा ०.०८ ते ०.१२. दुधी, काकडी, कैरी ०.१५ च्या आसपास. मोसंबी-संत्रं ०.१५ ते ०.२५. सफरचंद ०.२ ते ०.३. डाळिंब ०.३ च्या आसपास. कलिंगड ०.४ ते ०.६. खाकरा ०.१५ ते ०.३. नारळाची करवंटी ०.५ ते ०.८, कारण ती खरं तर लाकूडच आहे. हे आकडे म्हणजे चाचणी कुठून सुरू करायची त्याची खूण. फळ किती पिकलंय त्यावर ते सरकतात.

फळ आणणं, धुणं, वाळवणं

बाजारातून आणताना लेसरच्या दृष्टीने दोन गोष्टी बघायच्या: साल ताठ आहे का आणि पृष्ठभाग शक्य तितका सपाट आहे का. सरावासाठी महात्मा फुले मंडईतली (क्रॉफर्ड मार्केट) चकाकती आयात सफरचंदं घेऊन पैसे घालवायची गरज नाही, गल्लीच्या तोंडावरच्या गाडीवरची साधी केळी आणि मोसंबी उत्तम. आंब्याचा सराव तोतापुरीवर करा. साल जाड, किंमत कमी. हात बसला की हापूस घ्या. नग बरेच लागणार असतील तर वाशीच्या बाजार समितीतून एकाच पेटीतले, एकाच पिकवणीचे आंबे आणलेले बरे, कारण अर्धे कच्चे आणि अर्धे पिकलेले असले की एकाच सेटिंगवर दोन वेगळे रंग येतात.

केळ्यांत बसराई जातीची साल वेलची केळ्यापेक्षा जाड, म्हणून चुका पोटात घालणारी. केळं पिवळं झालेलं, पण ठिपके न पडलेलं हवं. ठिपके पडले की सालीतली क्रिया आधीच सुरू झालेली असते आणि नक्षी त्या डागांत हरवते.

फळावरचे स्टिकर आधी काढा, डिंकाचा अंशही राहू देऊ नका. काही स्टिकर प्लॅस्टिकचे असतात आणि पीव्हीसी लेसरखाली आलं की क्लोरीनयुक्त विषारी, मशीन गंजवणारा धूर निघतो. सफरचंदावर मेण असतं. कोमट पाण्यात दोन मिनिटं बुडवून मऊ फडक्याने पुसलं की बरंचसं निघतं. मेण राहिलं तर ते वितळून नक्षीच्या कडा पांढुरक्या दिसतात.

धुतल्यावर पूर्ण वाळवा. सालीवर पाण्याचा थेंब राहिला तर सगळी ऊर्जा तो थेंबच खातो आणि त्याच्या खाली नक्षीत पांढरी मोकळी जागा राहते. फ्रिजमधलं फळ तर लगेच घेऊच नका. मुंबईच्या हवेत ते बाहेर काढल्या काढल्या दवाने भिजतं आणि पुसलं तरी पुन्हा भिजतं, जोवर ते आतून खोलीच्या तापमानाला येत नाही. सफरचंदाला पंख्याखाली दोन तास द्या, कलिंगड रात्रीच बाहेर काढून ठेवा.

फळ बसवणं आणि फोकस

फळ गडगडू नये म्हणून चुंबळ करा. सुती फडक्याची, ओली करून पिळलेली. कोरडी चुंबळ पेट घेऊ शकते. केळं, कैरी, रताळं अशा वेड्यावाकड्या वस्तूंसाठी खोलगट परातीत तांदूळ किंवा जाडसर रवा पसरून त्यात वस्तू रुतवा. हवी ती बाजू वर येईल अशी फिरवता येते आणि हलत नाही. नक्षीच्या चौकटीपासून फळाच्या कडेपर्यंत निदान सेंटिमीटरभर जागा सोडा, म्हणजे किरण परातीवर पडणार नाही.

फोकस हा या कामातला सगळ्यात नाजूक भाग. नेहमीचं २ इंची भिंग फोकसच्या वरखाली मिळून जेमतेम २ मिमी जागा देतं. गोल फळावर नक्षीची कड मध्यापेक्षा किती खाली जाते ते असं काढा: नक्षीच्या रुंदीचा वर्ग भागिले फळाच्या व्यासाची चौपट. ७० मिमी व्यासाच्या मोसंब्यावर २५ मिमीची नक्षी असेल तर ६२५ भागिले २८०, म्हणजे २.२ मिमी. जेमतेम बसतं. तीच नक्षी ४० मिमीची केली तर उतार साडेपाच मिमीच्या वर जातो आणि कडेची अक्षरं पसरट, फिकी येतात. २५० मिमी व्यासाच्या कलिंगडावर मात्र ४५ मिमीची नक्षी आरामात बसते.

म्हणून फोकस फळाच्या माथ्यावर लावू नका. जेवढा उतार आहे त्याच्या निम्म्याने खाली लावा. मोसंब्याच्या उदाहरणात माथ्यापेक्षा १.१ मिमी खाली. मग माथा आणि कड दोन्ही ठिकाणी सारखीच किंचित चूक राहते आणि ती डोळ्याला दिसत नाही. जॉबवर्कवाल्याकडे ४ इंची भिंग असेल तर ते लावून घ्या. ठिपका दुप्पट जाड होतो, पण फोकसची जागा जवळपास चौपट मिळते. फळावर बारीक नक्षी तशीही टिकत नाही, तेव्हा हा सौदा फायद्याचा.

फिरत्या रोटरीवर फळ लावण्याचा मोह होतो. तिच्यासाठी वस्तू नळकांड्यासारखी लागते. सरळ काकडी, दुधी किंवा मुळा यांना जमतं, मोसंबं घसरतं.

अक्षरं आणि नक्षी

देवनागरीत एक खास गोम आहे. बऱ्याच फाँटमध्ये शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींवर थोड्या चढलेल्या असतात. मजकुराचे बाह्यरेषांत रूपांतर करून लेसरला भरायला दिले की काही सॉफ्टवेअर या चढलेल्या तुकड्यांना भोक समजतात आणि शिरोरेषेत दर अक्षराला बारीक खाच पडते. नुसत्या रेषा चालवल्या तर तेच तुकडे दोनदा जळतात. उपाय सोपा: इंकस्केप या मोफत चित्र-सॉफ्टवेअरमध्ये मजकूर टाका, पाथमध्ये बदला, समूह सोडवा, सगळं निवडून युनियन करा आणि मग एसव्हीजी म्हणून लेसरच्या सॉफ्टवेअरमध्ये न्या. जोडाक्षरंही अशीच शाबूत राहतात. थेट लेसर सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलं तर 'श्री' किंवा 'लक्ष्मी' फुटण्याची शक्यता असते.

फाँट जाड आणि मोकळ्या पोटाचा हवा. मुंबईच्याच एक टाइप या संस्थेचे मुक्त आणि बालू हे मोफत मिळणारे फाँट या कामाला छान बसतात. अक्षराची उंची निदान ८ मिमी, रेघ निदान ०.४ मिमी. त्याहून बारीक केलं तर 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' यांच्या गाठी भरून जातात आणि वाचणारा अडतो.

मोठे भरीव भाग टाळा. साल सलग उडाली की फळातलं पाणी तिथून झपाट्याने जातं, तो भाग सुरकुततो आणि बुरशीलाही वाट मिळते. भरीव ठिकाणी ०.३ ते ०.४ मिमी अंतरावरचे ठिपके द्या. ठिपक्यांमधली साल शाबूत राहते आणि लांबून नक्षी भरीवच दिसते. फ्लोरिडात लिंबूवर्गीय फळांवर लेसरने खूण करण्याची जी पद्धत विकसित झाली, तीही अशाच सुईच्या टोकाएवढ्या खळग्यांची आहे. तिथल्या संशोधकांनी खुणेवर मेणाचा हात दिल्यावर पाणी कमी उडतं हेही तपासलं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१२ मध्ये ताज्या लिंबूवर्गीय फळांच्या सालीवर हा लेसर वापरायला मान्यता दिली.

चाचणी, मग काम

१. त्याच पेटीतलं एक फळ चाचणीसाठी वेगळं काढा. निराळ्या फळावरची चाचणी उपयोगाची नाही.

२. ४ मिमीच्या चौकोनांची जाळी करा: आडव्या ओळीत वेग २००, ३००, ४००, उभ्या ओळीत ताकद १२, १५, १८ टक्के. नऊ चौकोन एका केळ्याच्या पाठीवर मावतात. केळ्याला वाक असल्यामुळे ओळी आडव्या न ठेवता लांबीच्या दिशेने तीन-तीनच्या गटांत मांडा आणि दर गटाला फोकस पुन्हा लावा.

३. एक्झॉस्ट सुरू, झाकण बंद, हवेचा झोत मंद. ओल्या फळावर जोराचा झोत फुटलेला रस बाजूला पसरवतो. नारळ आणि खाकऱ्यासारख्या कोरड्या वस्तूंना मात्र पूर्ण झोत द्या, नाहीतर ज्योत धरते.

४. जाळीचे फोटो काढा: लगेच, १५ मिनिटांनी, तासाभराने आणि दुसऱ्या दिवशी सकाळी. निवड तासाभरानंतरच्या फोटोवरून करा आणि दुसऱ्या दिवशीच्या फोटोत ज्यांच्या कडा ओलसर किंवा काळ्या झाल्यात ते चौकोन बाद करा. बहुतेक वेळा सगळ्यात फिका वाटलेला चौकोनच योग्य ठरतो.

५. मग खऱ्या फळावर आधी किरण न चालवता डोकं नक्षीच्या चौकटीभोवती फिरवून बघा. नोझल फळाच्या सगळ्यात उंच भागाला, देठाला किंवा परातीच्या काठाला धडकत नाही ना, हे डोळ्यांनी तपासा. चालू मशीन सोडून जाऊ नका. हाताशी कार्बन डायऑक्साइडचा अग्निशामक ठेवा. पावडरचा वापरला तर आग विझते, पण भिंग, आरसे आणि रुळ सगळं साफ करत बसावं लागतं.

फळागणिक स्वभाव

सफरचंदावर नक्षी फिकट हवी असते, कारण पार्श्वभूमी तांबडी. पण तो फिकट गरही पुढच्या वीसेक मिनिटांत तपकिरी होतो. तो तसाच ठेवायचा तर काम झाल्या झाल्या लिंबाच्या रसात बुडवलेला कापसाचा बोळा हलकेच फिरवा. आम्लामुळे विकरं मंदावतात. हाच बोळा केळ्यावर फिरवला तर नक्षी उमटणारच नाही, हे लक्षात असू द्या.

मोसंबी, संत्रं, लिंबू यांच्या सालीत तेलाच्या कोशिका असतात. लेसर पडला की त्या फुटतात आणि बारीक फवारा उडतो. हे तेल ज्वलनशील असतं. मात्रा जास्त झाली तर सालीवर निळसर ज्योतीचे टिपके दिसतात. तेव्हा लगेच थांबा, ताकद तेवढीच ठेवून वेग वाढवा. एक्झॉस्ट बंद ठेवून संत्रं कधीच करू नका. खूण मातकट, मंद येते आणि तेवढीच अपेक्षा ठेवावी.

आंब्याच्या सालीत चिकाच्या नळ्या असतात. त्या उघडल्या की चीक बाहेर येऊन आजूबाजूची साल भाजल्यासारखी काळी पडते. म्हणून खोली ०.०५ मिमीच्या आत ठेवायची, म्हणजे ०.१२ ज्यूलच्या वर जायचं नाही. आंबा अर्धपिका, हिरव्यावर पिवळी झाक आलेला घ्या. नक्षी तपकिरी होत जाते आणि साल पिवळी, दोघांचा विरोध दोन-तीन दिवसांत खुलतो. भेटीची पेटी भरायची असेल तर हा वेळ मागे मोजूनच काम धरा.

कलिंगड सगळ्यात सोपं आणि सगळ्यात देखणं. गडद हिरवा थर उडाला की खालचा फिकट पांढरा-हिरवा भाग दिसतो आणि साल जाड असल्यामुळे आत काही पोचत नाही. लग्नाच्या पंगतीत मांडायला यासारखं दुसरं फळ नाही. फक्त मशीनचा पलंग, म्हणजे वस्तू ठेवायची जाळी, पुरेसा खाली जातो का ते आधी मोजा. साध्या ४० वॅटच्या मशीनमध्ये अख्खं कलिंगड मावतच नाही.

डाळिंब आणि लाल भोपळा भरवशाचे. वांग्यावर आधी पांढरी रेघ येते, मग ती तपकिरी होते, दोन्ही अवस्था सुंदर. बटाटा आणि रताळं यांना माती राहता कामा नये, नाहीतर खूण तुटक येते. स्वीडनमधल्या इका या सुपरमार्केटने प्लॅस्टिकची वेष्टनं टाळण्यासाठी २०१६ च्या शेवटी अ‍ॅव्होकाडो आणि रताळ्यावरच लेसरची खूण आणली होती आणि रताळं हाताळून पाहिलं की त्यांची निवड पटते: कोरडी साल, टिकाऊ आणि सोललं की खूणही गेली. चिकूची साल पातळ आणि रंग तपकिरीच, त्यामुळे काही दिसत नाही. द्राक्षं, जांभळं, स्ट्रॉबेरी यांच्या नादी लागू नका, रस उकळून भिंगापर्यंत उडतो.

शहाळ्याची हिरवी साल छान खूण घेते, तासाभरात ती गडद होते. सोललेल्या नारळाच्या शेंड्यांना मात्र हमखास पेट धरतो. नारळ आधी कानशीने किंवा पॉलिश पेपरने गुळगुळीत करा, शेंडी ओल्या फडक्यात गुंडाळा आणि मगच लेसरखाली ठेवा.

पानं आणि कोरडा खाऊ

विड्याचं पान दादरच्या बाजारात ताजं मिळतं ते घ्या, करंड्यातलं मऊ पडलेलं नको. झिलई नसलेली लादी पाण्याने ओली करा, पान तिच्यावर उलथन्याने सपाट दाबा. पाण्याच्या पातळ थरामुळे ते चिकटून बसतं, हवेच्या झोताने उडत नाही आणि आरपार गेलेला किरण त्या पाण्यातच संपतो. आंब्याचं पान चिवट, तोरणासाठी त्यावर अक्षरं कोरताही येतात आणि आकार कापताही येतो. केळीचं पान शिरांच्या दिशेने फाटतं. त्यावर उभ्या-आडव्या लांब रेघा टाळा, नक्षी मधल्या दांड्याजवळ ठेवा. माटुंग्याला मिळणारी मोठी अख्खी पानं घेतली तर कापून सपाट तुकडा काढता येतो.

खाकरा हा कोरड्या खाऊतला राजा: सपाट, पातळ, एकसारखा भाजलेला. उडदाचा पापड कच्चा असताना सुरेख कोरला जातो, पण भाजताना येणारे फोड नक्षी मोडून टाकतात. जाड रेघांची एखादी साधी खूणच टिकते. पोळी गार होऊन वाफ गेल्यावरच घ्या. नानकटाई भुसभुशीत, कडा ढासळतात. चॉकलेट वातानुकूलित खोलीतच करा: कोको बटर ३४ अंशांच्या आसपास वितळतं, आणि फ्रिजमधून काढलेल्या वडीवर दव बसून साखर वर येते.

पावसाळ्यातलं मशीन

जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईत दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतलं पाणी जमायला लागतं तो आकडा, २४-२५ अंशांपर्यंत चढतो. नळी थंड ठेवणाऱ्या चिलरचं पाणी नेहमीसारखं २० वर ठेवलं तर फ्रिजमधल्या सफरचंदासारखी लेसरची नळीच बाहेरून भिजते. तिथे हजारो व्होल्टचा दाब असतो, ठिणगी उडून नळी जाऊ शकते. त्या दिवसांत चिलर २६ वर ठेवा, ताकद थोडी कमी मिळेल हे धरून आकडे ठरवा. फळाला तशीही कमीच लागते. खोलीत वातानुकूलन असेल तर ते तासभर आधी लावा. कॉम्प्रेसरच्या हवेच्या नळीत पाणी साठतं, तिला पाणी अडवणारा फिल्टर बसवा आणि रोज रिकामा करा. कॉम्प्रेसर तेलविरहितच हवा, नाहीतर तेलाचा सूक्ष्म फवारा थेट फळावर येतो.

खायचं असेल तर

दिवसभर अ‍ॅक्रिलिक आणि रेक्झिन कापणाऱ्या मशीनच्या जाळीवर फळ थेट ठेवू नका. जाळीखालचा कचरा काढून घ्या, वर स्वतःची स्वच्छ स्टीलची परात ठेवा आणि फळ करण्याआधी पाच मिनिटं नुसता एक्झॉस्ट चालू द्या. साल खाल्ली जाणारी फळं आणि पानं करायची तर खाण्यासाठी वेगळं मशीन असलेलं बरं. साल काढून खायची फळं, म्हणजे केळं, संत्रं, कलिंगड, आंबा, त्या मानाने निर्धास्त.

कोरलेलं फळ म्हणजे साल सोललेलं फळ, असंच समजून वागा. ते त्याच दिवशी खा. ठेवायचंच असेल तर फ्रिजमध्ये, जास्तीत जास्त दोन दिवस. केळं मात्र फ्रिजमध्ये नको, थंडीने सगळी सालच काळी पडून नक्षी दिसेनाशी होते. मोसंबी-संत्र्याच्या जखमेवर हिरवी बुरशी लवकर धरते, पावसाळ्यात तर दोनच दिवसांत. नुसतं मांडायचं असेल तर नक्षीवर खाण्याच्या खोबरेल तेलाचं एक बोट फिरवा, पाणी उडणं मंदावतं आणि रंगही खुलतो. विकणार असाल तर एफएसएसएआयची, म्हणजे अन्न सुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी हवी, कारण कागदोपत्री हा खाद्यव्यवसाय आहे.

आवरताना

भिंग त्याच दिवशी पुसा. त्यावर उडालेला रस म्हणजे साखर, आणि साखर अल्कोहोलमध्ये फारशी विरघळत नाही. सवयीप्रमाणे थेट आयसोप्रोपिल लावून घासलं तर चिकट थर नुसता पसरतो, पुढच्या वेळी तापून करपतो आणि भिंगाला तडा जातो. आधी डिस्टिल्ड पाण्यात भिजवलेला लेन्स टिश्यू भिंगावर मिनिटभर नुसता ठेवा, न घासता उचला, पुन्हा एकदा तसंच करा आणि शेवटी आयसोप्रोपिलचा एक हलका हात. हे भिंग झिंक सेलेनाइडचं असतं. तुटलं तर तुकडे उघड्या हाताने गोळा करू नका, ते विषारी आहेत.

जाळीचं अ‍ॅल्युमिनियम फळांच्या आम्लाने डागाळतं, रुळांवर रस सुकला की डोकं अडखळतं आणि रात्रभरात मुंग्यांची रांग लागते. कोमट पाण्याने पिळलेल्या फडक्याने जाळी, रुळ आणि झाकणाची आतली बाजू पुसा, कोरडं करा, रुळांना मशीनच्या पुस्तिकेत दिलेलं तेल द्या आणि परातीतला तांदूळ टाकून द्या.